मुक्या रेडिओचा मंत्र

बॅटरीच्या दुकानामागच्या आवारात त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चौदा गाड्या ओळीने उभ्या होत्या. इंजिनं ठणठणीत, दिवे ठीक, हॉर्न कानठळ्या बसवणारे. पण चौदाही गाड्यांचे रेडिओ मुके झालेले. त्यांना वाचा देणारा पुरुष पहिल्या, निळ्या गाडीत चालकाच्या जागेवर मांडी घालून बसला होता. स्टिअरिंगखाली मांडी घालता येणं ही माझ्या मते त्याची एकमेव खरी सिद्धी होती.

लोक त्याला वाचासिद्ध महाराज म्हणत.

महाराजांनी दोन्ही अंगठे रेडिओवर टेकवले, अंगावरची जाड शाल डोक्यावरून पुढे ओढली आणि स्वतःला रेडिओसकट झाकून घेतलं. गर्दी चिडीचूप झाली. शालीतून खणखणीत आवाज आला.

"त्रिकाल! त्रिकाल! शून्यरूप! नवरस! द्वैत! पंचमहाभूत! एकतत्त्व! सप्तसूर!"

मग शांतता. मिनिटभराने दुकानाच्या आतल्या खोलीतून, बंद खिडकीपलीकडून घंटा वाजू लागली. चार टोले. थांबली. एक टोला. थांबली. सहा टोले. पुन्हा थांबली. तीन टोले.

"आकडा उतरला!" महाराजांनी शाल भिरकावली, रेडिओवरची चार बटणं दाबली, आणि कपड्यांवरचे डाग कसे काढावेत हे सांगणारी एक बाई गाडीतून ओरडू लागली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. निळ्या गाडीच्या मालकाला तर गहिवरून आलं. डागांच्या माहितीने इतका हेलावलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"यंत्र मुकं का होतं?" महाराज बोनेटवर हात ठेवून विचारू लागले. "माणूस फार बोलतो म्हणून! तुमच्या घरातली भांडणं या तारांत उतरतात. तार तापते, तरंग बिघडतो, चुंबकीय चक्र उलटं फिरतं. मेकॅनिकला तार दिसते. तरंग कुणाला दिसतो?"

"तुम्हाला, महाराज!" गर्दी म्हणाली.

माझ्या शेजारी माझी बायको उभी होती. ती इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काम करते. दिवसभरात शेकडो आकडे ऐकते आणि एकही विसरत नाही. माझ्या चुकाही ती त्याच कप्प्यात ठेवते. ती हळूच म्हणाली, "त्रिकाल दोनदा का म्हणाले?"

"पहिल्यांदा वर ऐकू गेलं नसेल."

"मग बाकीची सहा नावं एका फटक्यात कशी ऐकू गेली?" असं म्हणून तिने पर्समधून औषधांचं जुनं बिल काढलं, उलटं केलं आणि त्यावर काहीतरी लिहू लागली. मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष ओळीतल्या शेवटच्या गाडीकडे होतं. ती माझ्या ताईची गाडी होती.

ताईचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, फिरतीच्या नोकरीत होते. तीन दिवस घरी, दहा दिवस बाहेर. ताईने गाडी शिकावी असा त्यांचा ध्यास; पण शिकवायला घरी कोण असणार? मग त्यांनी एक कॅसेट भरली. आपण नसताना ताईने गाडीत बसावं, कॅसेट लावावी आणि सराव करावा. मी ती एकदा ऐकली होती. "चावी फिरव. फिरवलीस? छान. आता घाबरून घे. झालं घाबरून? आता क्लच दाब." अशी अर्धा तास. ताई हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकायची, आणि गाडी काही फाटकाबाहेर जायची नाही.

वर्षापूर्वी भावोजी गेले. ऑफिसच्या जिन्यात बसले ते उठलेच नाहीत. त्यानंतर ताई रोज संध्याकाळी उभ्या गाडीत जाऊन बसे, कॅसेट लावी आणि ते सांगतील तेव्हा क्लच दाबी. ना हसणं, ना रडणं. आम्ही तिला कधी हटकलं नाही.

महिन्यापूर्वी बॅटरी बसली. नवी घालून आणली ती मीच, याच दुकानातून. गाडी झटक्यात सुरू झाली आणि रेडिओ मेला. पडद्यावर 'कोड' अशी अक्षरं. ताईने स्वतःच्या वाढदिवसाचे आकडे दाबून पाहिले, मग भावोजींच्या वाढदिवसाचे, मग घराच्या नंबराचे. तिसऱ्या चुकीनंतर पडद्यावर 'सेफ' असं उमटलं आणि रेडिओने पुरती मान टाकली. कॅसेट आत. बाहेरही येईना.

मी दुकानात परत गेलो, तेव्हा ताईही बरोबर होती. बॅटरीवाल्याने रेडिओ पाहिला, सुस्कारा टाकला. "हे आमच्या हातातलं नाही हो. मागच्या आवारात महाराज बसतात, त्यांना दाखवा." ताईने त्याला रडत रडत सगळं सांगितलं: भावोजी, कॅसेट, संध्याकाळ. हा बॅटरीवाला महाराजांचा सख्खा मेहुणा आहे हे मला फार नंतर कळलं. पुढे बॅटरी बदलायची आणि मागे वाचा द्यायची, असा त्या घराचा एकत्र व्यवसाय होता.

त्या रविवारी महाराज शेवटी ताईच्या गाडीपाशी आले. शालीखाली गेले, मंत्र न म्हणताच बाहेर आले आणि डोळे मिटून उभे राहिले.

"माई, तुझे यजमान या रेडिओत आहेत."

ताईने माझा दंड घट्ट धरला.

"त्यांना बोलायचंय. तूच बोलू देत नाहीस. तुझा जीव या गाडीत अडकलाय, म्हणून त्यांचा आवाज अडकलाय. गाडीवरचा हक्क सोड. पुढच्या रविवारी कागदपत्रांसह ती माझ्या सेवेत दे. ते एकदा बोलतील आणि मोकळे होतील."

घरी येताच मी आरडाओरडा केला. भोंदू म्हणालो, लुच्चा म्हणालो, आणखीही पुष्कळ म्हणालो. ताई कपाट उघडून गाडीची कागदपत्रं शोधत होती.

"तुझं बरोबर असेल," ती म्हणाली. "पण एकदा बोलू दे त्यांना. एकदाच. मग जाऊ दे गाडी. मला कुठे चालवता येते?"

मी चष्म्याचा दुकानदार. माणसाला दिसत नाही एवढ्यावरच माझा इलाज चालतो. दिसत असून बघायचं नसेल तिथे माझं काही चालत नाही. मी चडफडत बाहेर जाऊन बसलो.

संध्याकाळी बायकोने ते औषधांचं बिल माझ्यापुढे ठेवलं. मागे तेरा ओळी होत्या.

"प्रत्येक गाडीला वेगळा मंत्र," ती म्हणाली, "पण प्रत्येक मंत्रात नावं मात्र आठ. ना सात, ना नऊ. शून्यरूप म्हणजे शून्य, एकतत्त्व म्हणजे एक, द्वैत म्हणजे दोन. नवरसाच्या पुढे ते एकदाही गेले नाहीत. दिवसभर हेडफोन लावून मी हेच ऐकते. अहो, हा नंबर आहे. ते कुणाला तरी नंबर सांगतायत."

"कुणाला?"

"घंटेवाल्याला. तो उलट चार आकडे सांगतो. आणि टोले कधीच सहाच्या वर जात नाहीत. रेडिओला बटणं किती?"

मी खाली जाऊन ताईच्या गाडीतली मोजून आलो. सहा.

माझ्या दुकानासमोर एक जुने रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ बसतात. सगळे त्यांना सोल्डरकाका म्हणतात, कारण ते बोलतानाही हातातलं तापलेलं सोल्डरचं यंत्र खाली ठेवत नाहीत आणि समोरच्याला दोन पावलं मागे सरून ऐकावं लागतं. दुसऱ्या दिवशी बायकोने पुढे केलेलं ते बिल त्यांनी नाकाशी धरलं आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"कसला मंत्र आणि कसलं काय! हा रेडिओच्या पाठीवरचा नंबर आहे. हे बघा, पूर्वी चोर गाडीतून रेडिओ उपटून न्यायचे. म्हणून कंपनीने युक्ती काढली. वीज तुटली की रेडिओ कुलूप लावून बसतो. कोड सांगाल तेव्हाच उघडतो. बॅटरी बदलताना वीज तुटतेच. त्या बिचाऱ्याला वाटतं चोर आला."

"आणि तो कोड?"

"प्रत्येक रेडिओचा वेगळा, पण पाठीवरचा नंबर असला की यादीत सापडतो. कंपनीच्या काउंटरवर गाडीचे कागद दाखवा, देतील. त्या मेहुण्याने यादी कुठून तरी पैदा करून कॉम्प्युटरवर ठेवली असणार."

"पण महाराज रेडिओ बाहेर काढतच नाहीत. पाठ दिसते कशी?"

काका खुर्चीतून उठले, आमच्याबरोबर ताईच्या दारातल्या गाडीपाशी आले आणि ताईलाही बोलावून घेतलं. त्यांनी चावी अर्धी फिरवली, पहिल्या आणि सहाव्या बटणावर एकेक अंगठा ठेवून दाबून धरलं आणि कोपराने रेडिओची कळ लावली. पडद्यावर आठ आकडे उजळले, थोडा वेळ थांबले आणि विझले.

"हे सगळं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. पान सेहेचाळीस. तीन चुका झाल्या तर तासभर चावी चालू ठेवून गप्प बसायचं, मग कुलूप पुन्हा प्रयत्न करू देतं, हेही त्यातच."

"महाराज काही लोकांना तासभर मौन पाळायला लावतात," बायको म्हणाली. "चावी चालू ठेवून."

गाडीचं पुस्तक समोरच्या कप्प्यातच होतं. कारखान्यातून आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सील न फोडलेलं. पिशवी फोडली की गाडी जुनी दिसते आणि विकताना किंमत पडते, अशी आमच्या सगळ्या आळीची पक्की समजूत आहे. आमच्याकडे गाड्या झिजतात, माणसं जातात. पुस्तकं मात्र कोरी राहतात. माझ्या दुकानातल्या तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचणारे लोक त्या पिशवीतलं पहिलं पानही वाचत नाहीत. मीही नाही. त्या दिवशी मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

ताई विझलेल्या पडद्याकडे बघत होती. "म्हणजे महाराज खोटे?"

बायको तिच्या शेजारच्या सीटवर बसली. "ताई, नंबर कसा काढतात एवढंच मला कळलं. ते भावोजींशी बोलतात की नाही ते मी कसं सांगू? ते तुम्हीच विचारून बघा."

ताईने कॅसेटच्या खाचेत बोट घालून पाहिलं. मग म्हणाली, "काका, या गाडीत दुसरा रेडिओ बसतो का? अगदी असाच दिसणारा?"

"माझ्या फळीवर पडलाय एक, त्याचा कोडही ठाऊक आहे. का?"

"तो बसवा. हा काढून तुमच्याकडे ठेवा, कॅसेटसकट. हे खरंच महाराजांशी बोलत असतील, तर पहिलं वाक्य हेच म्हणतील की हा माझा रेडिओ नाही." तिने चावी काढून काकांच्या हातात दिली. "त्यांचा पेन कुणी हलवला तरी त्यांना कळायचं."

काकांनी रेडिओच्या कडेच्या भोकांत दोन तारेच्या आकड्या सारल्या आणि तो अलगद बाहेर ओढला. पाठीवर खरंच तो नंबर चिकटवलेला होता. त्या आठवड्यात ताई कागदपत्रं घेऊन कंपनीच्या काउंटरवर गेली. तिथल्या मुलीने पाच मिनिटांत एका चिठ्ठीवर चार आकडे लिहून दिले आणि वर विचारलं, "पुस्तक वाचलं नव्हतं का?" तासभर चावी चालू ठेवायचं कामही काकांनी आपल्या टेबलावरच्या विजेवर उरकून टाकलं. आता चार बटणं दाबायची, की भावोजींचा आवाज. ताईने ती दाबली नाहीत.

"आवाज ऐकला, तर रविवारी माझे पाय तिकडे वळायचे नाहीत," ती म्हणाली. "आणि मला जायचंय."

रविवारी गर्दी दुप्पट होती. नवरा बोलणार ही बातमी सगळीकडे पसरली होती. काही जण तर घरून खुर्च्या घेऊन आले होते. ताई कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून गाडीशेजारी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. महाराजांनी हा रेडिओ ओळखावा, असं तिला मनापासून वाटत होतं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं.

महाराज शालीखाली गेले.

"चतुष्कोन! शून्यरूप! सप्तसूर! सप्तसूर! त्रिकाल! नवरस! एकतत्त्व! अष्टप्रहर!"

खिडकीमागे घंटा वाजली. पाच. दोन. सहा. एक.

महाराजांनी शाल दूर केली. डोळ्यांत पाणी आणलं. "माई, आकडा मी सांगितलेला नाही. तुझ्या यजमानांनी माझ्या कानात सांगितलाय. पाच, दोन, सहा, एक."

"आणखी काय म्हणाले?" ताईने विचारलं.

"म्हणाले, हा रेडिओ मी जिवापाड जपला. याच्यातच माझा प्राण आहे."

"याच्यातच?"

"याच्यातच, माई."

ताईने डोळे मिटले. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. मग ती माझ्या बायकोकडे वळली. "वहिनी, वाचा."

बायकोने पर्समधून चिकटवलेला लिफाफा काढला आणि पुढे उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्याच्या हातात दिला. त्याने तो फोडला आणि मोठ्याने वाचू लागला. "महाराज आता म्हणतील: चतुष्कोन, शून्यरूप, सप्तसूर, सप्तसूर, त्रिकाल..." तो अडखळला, महाराजांकडे बघितलं आणि पुढे वाचलं. "घंटा वाजेल: पाच, दोन, सहा, एक. हे मी काल दुपारी लिहिलं आहे."

मग मागून एक म्हातारेबुवा हात जोडून पुढे आले आणि माझ्या बायकोसमोर वाकले. "माताजी, आमचा फ्रिज गार होत नाही हो."

"आजोबा, उठा!" ती ओरडली. "मी कोणी माताजी नाही, मी टेलिफोन ऑपरेटर आहे! हा मंत्र रेडिओच्या पाठीवर लिहिलेला आहे. पहिलं आणि सहावं बटण दाबून धरलं की पुढेही दिसतो. महाराज तो शालीखाली वाचतात, मोठ्याने म्हणतात, आतला माणूस कॉम्प्युटरवर कोड शोधतो आणि घंटेने कळवतो. विश्वास ठेवू नका माझ्यावर. आपापल्या गाडीत बसा आणि दाबून बघा!"

लोक गाड्यांत घुसले. दारं धडाधड उघडली. "आला! आठ आकडे आले!" "माझ्याकडेपण!" तेवढ्यात दोघांनी खिडकी ढकलली. आत मेहुणा एका हातात घंटा आणि दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा धरून कॉम्प्युटरसमोर बसला होता. त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि काही न सुचून एक टोला दिला.

महाराज मात्र कसलेले होते. "आकडा कुठूनही येवो!" ते गरजले. "माध्यमं अनेक असतात! या माईच्या यजमानांचा आवाज मी ऐकलाय!"

"महाराज," ताई शांतपणे म्हणाली, "हा रेडिओ माझ्या यजमानांचा नाही. काकांनी मंगळवारी बसवलाय. कुठल्या गाडीतला म्हणालात, काका?"

"कोंबड्या पोचवणाऱ्या गाडीतला," सोल्डरकाका पुढे येत म्हणाले. त्यांनी आकड्या सारल्या, रेडिओ बाहेर ओढला आणि उलटा करून झटकला. एक पांढरं पीस तरंगत महाराजांच्या मांडीवर उतरलं.

हशा उसळला. आणि त्यात मला एक हसणं ओळखू आलं. ताई गाडीच्या टपावर डोकं टेकून हसत होती. वर्षभरात मी ते ऐकलं नव्हतं. "याच्यात प्राण!" ती म्हणे आणि पुन्हा हसे. महाराज शाल सावरत गाडीतून उतरू लागले. पण स्टिअरिंगखालून मांडी सोडवायला त्यांना बराच वेळ लागला. तोवर निळ्या गाडीचा मालक त्यांच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा राहिलाच होता. पुढचा सगळा खुलासा त्यांना आणि मेहुण्याला पोलीस चौकीत करावा लागला.

काकांनी ताईचा मूळ रेडिओ खोबणीत बसवला. ताई गाडीत बसली, चिठ्ठी बघून चार बटणं दाबली. आत कॅसेट खरखरली आणि भावोजींचा आवाज आला. "...अगं, क्लच म्हणजे डावीकडचा. तुझा डावा. माझा नव्हे."

एक बाई डोळे पुसत म्हणाली, "आले हो! शेवटी आलेच ते!"

ताईने कॅसेट थांबवली. खिडकीतून मान बाहेर काढली.

"नाही हो, आले नाहीत. ते गेलेत. ही टेप आहे." ती रडत होती, पण आवाज ठाम होता. "आणि टेप आहे म्हणूनच मला ती हवीये. यात जे आहे ते त्यांनी स्वतः म्हटलंय, हसत, माझ्यासाठी. तो प्राण आणि ती सेवा त्यांच्या तोंडी यांनी घातली. मी आठवडाभर ते खरं असेल या आशेवर जगले. माझ्या नवऱ्याला मी जवळजवळ परक्या माणसाच्या शब्दांत आठवायला लागले होते."

फ्रिजवाले आजोबा हळूच म्हणाले, "बरोबर आहे पोरी."

एवढं सगळं लिहिलं ते वाचणाऱ्यांना एकच विनंती करायला. रेडिओ बंद पडला तर पुस्तकाची पिशवी फोडा. गाडीची किंमत कमी झाली तर होऊ दे. आणि कुणी तुम्हाला न कळणारी गोष्ट करून दाखवली तर जरूर थक्क व्हा, टाळ्याही वाजवा, पण घरी जाण्याआधी त्याला विचारा: तुम्हाला हे कळलं कसं? खरा जाणकार बसवून समजावून सांगतो. जो चिडतो, त्याच्या हाती गाडीच काय, आपल्या माणसाची आठवणही देऊ नका.